सावंतांचे चार आणे

आमच्या बोरीवलीच्या कॉलेजातले किस्से एकेकटे येतच नाहीत. एक सांगायला जावं, तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर! मी तिथे अर्थशास्त्र शिकवायचो. निदान तसा माझा समज होता.

ऐंशीच्या दशकात सुट्ट्या पैशांची पार वाट लागली होती. आमचे कँटीनवाले सावंत मूळचे मालवणचे. त्यांनी उदबत्तीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, वर ‘चार आणे’ लिहून सही ठोकली आणि सुट्ट्यांऐवजी ती कूपनं द्यायला लागले.

मी विचारलं, “सावंत, याच्यामागे आधार कशाचा?”

“चायचो, सर!”

*

हळूहळू गेटबाहेरचा मोहन न्हावी कूपनं घेऊ लागला. मग मासळीवाली मावशीही. गणिताचे गुप्ते एकदा म्हणाले, “काल देवळात आरतीच्या ताटात टाकलं. भटजींनी कपाळाला लावून घेतलं!”

मला मात्र झोप येईना. घरी बिस्किटांच्या डब्यात माझी कूपनं साठत होती. उद्या सावंतांनी नाही म्हटलं तर?

*

गणपतीत सावंत गावी गेले. कँटीनला कुलूप! मी घाबरून कूपनं खपवायला निघालो. एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा खुर्चीत बसल्यावर मोहन म्हणाला, “सर, केस उगवू द्या ना जरा!”

*

वर्गात शिकवत होतो, “पैसा म्हणजे शेवटी विश्वास.”

मागून एक मुलगी म्हणाली, “मग सर, तुमचा का नाही?”

गुप्त्यांनीच सांगितलं असणार!

*

पुढे कँटीन दुसऱ्याकडे गेलं, सावंत कायमचे गावी. नव्या माणसाने पाटीच लावली : जुनी कूपनं चालणार नाहीत.

मी धावत मोहनकडे. “अरे, बुडालो! आता यावर चहा मिळत नाही.”

“बरं झालं, पांचट होता. मावशी घेते, मी घेतो. चहा कुठे मध्ये आला?”

गुप्ते म्हणाले, “आता नवी निघणार नाहीत. जपून ठेवा!”

*

वर्षभराने सावंत आले, खिशात एकेक रुपयाच्या कोऱ्या नोटा घेऊन. “माझ्या नावावर कोणाचा बाकी नको. चार कूपना द्या, रुपयो घ्या.” सकाळभर गेटपाशी उभे राहिले. कोणी फिरकेना!

मला कळल्याबरोबर मी घरी पळालो, डबा घेऊन आलो. सावंत मोहनकडे दाढी करून उठत होते. त्यांनी रुपया दिला. मोहनने गल्ल्यात हात घातला आणि सुट्टे म्हणून त्यांचंच कूपन त्यांच्या हातावर ठेवलं.

सावंतांनी स्वतःची सही उजेडात धरून पाहिली.

“अजून चालता मा रे ह्या?”

“झकास!”

त्यांनी ते जपून पाकिटात ठेवलं.

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.