आहेरात आलेले मासे

वास्तुशांतीच्या निमंत्रणात सगळे लिहितात तेच मीही लिहिलं होतं: कृपया आहेर आणू नये. तेवढ्यावर थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला कुठे थांबता येतं! खाली मी आणखी एक ओळ जोडली, 'अगदीच राहवलं नाही तर एखादा मासा आणा.' थट्टा होती हो ती. येलहंक्याच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये चार फुटी काचेची टाकी आली होती आणि ती बातमी गावभर केल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

साताऱ्याला आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत माशांची टाकी होती. ती बघायला मिळावी म्हणून मी लहानपणी चांगले दात दुखत असल्याचं सोंग करायची. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हापासून भाड्याची घरं, आणि एकजात सगळ्या घरमालकांना पाण्याच्या टाकीची धास्ती. आता घर आपलं, भिंत आपली. टाकीत पाणी भरलं, दिवा लावला, आणि मी त्या रिकाम्या पाण्याकडे बघत खुर्ची टाकून बसले. नवरा म्हणाला, "मासे आल्यावर काय करशील?"

राजी नव्हत्या त्या फक्त अक्का. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, घरात बोलतात मराठीच, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की मला पहिलं वर्षभर अर्धंच कळायचं. मुलगा, सुना, भाजीवाला, सगळे त्यांना अक्काच म्हणतात. टाकीभोवती एक फेरी मारून त्यांनी अट घातली.

"ठेव गो. पण नव्या घरात मरण नको. एक जरी मासा गेला तर टाकी घराबाहेर. सरी?"

"सरी," मी म्हटलं आणि मनात हसले. माझी तयारी जय्यत होती. नव्या टाकीत आधी दोनच लहान मासे सोडायचे, पाणी मुरू द्यायचं, मग महिन्याभराने आणखी दोन. इतकं शहाणपण मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवलेलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी होमाचा धूर घरभर झाला होता आणि लिफ्टचं दार उघडलं. जयनगरच्या माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या. हातात फुगवलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दोन गुबगुबीत गोल्डफिश. "एक कसा आणायचा गं, शुभकार्याला? जोडी आणली." मला इतका आनंद झाला की मी त्यांना पिशवीसकट मिठी मारली. मग के. आर. पुरमचे मामेसासरे एंजलची जोडी घेऊन आले, बसमध्ये ती त्यांनी लहान बाळासारखी मांडीवर धरली होती म्हणे. मग नवऱ्याच्या ऑफिसचे लोक, गप्पींच्या जोड्या. मग चुलतसासूबाई, मोलीच्या दोन जोड्या, कारण त्यांच्या घरची दोन माणसं येऊ शकली नव्हती. सुटा मासा कुणी म्हणजे कुणी आणला नाही! अक्का दारात उभ्या राहून प्रत्येक पिशवीला हळदकुंकू लावत होत्या. देणं दारात आलं की त्यांना अटीबिटी आठवत नाहीत.

दुपारपर्यंत टाकीत बाजार भरला. केशरी, काळे, रुपेरी, शेपट्याच शेपट्या. कुणाला नको म्हणणार? आहेर परत करणं म्हणजे नातं परत करणं. आणि खरं सांगू, मला नको म्हणायचंच नव्हतं. ते एवढं घबाड बघून माझं सगळं शहाणपण त्याच टाकीत बुडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं. वर तवंग. मी बोट बुडवून वास घेतला. तूप! वाकून पाहिलं तर तळाच्या वाळूत हरभऱ्याची डाळ. पुरण होतं ते.

"अक्का!"

"काय झालं? होळगी घातली स्वल्प," अक्का म्हणाल्या. पुरणपोळीला त्या होळगी म्हणतात. "पहिल्यांदा घरी आलेत. वास्तूचं जेवण, आणि पाहुण्याला गोड न घालता कसं पाठवायचं? मागत होते गो ते. मी जवळ गेले की सगळे काचेपाशी पळत यायचे."

चौकशीत आणखी कळलं. नणंदबाईंनी आपल्या जोडीला आग्रह केला होता, मामेसासऱ्यांनी आपल्या. नवऱ्याने डबीतलं माशांचं खाणं मूठभर टाकलं होतं, 'सगळ्यांना पुरावं म्हणून'. आमच्या आग्रहाने माणसं पानावरून उठू शकत नाहीत, तिथे मासे कुठे जाणार? आणि आता ते सगळे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडून धापा टाकत होते. अक्कांना वाटलं, अजून मागताहेत. त्यांनी डबीकडे हात नेला आणि मी जवळजवळ झेप घेतली.

त्यांना समजावलं. उरलेलं अन्न आणि माशांची घाण कुजते, त्याचा अमोनिया होतो, तो कल्ले जाळतो. मुरलेल्या टाकीत ते पचवणारे जिवाणू असतात. आमची टाकी कोरी. छोट्या काचनळीत पाणी घेऊन अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहिलं तर ठीक. ते डोळ्यांदेखत हिरवं झालं, आणि पोपटी नाही, चांगलं गर्द. मी घाबरले, पण खोटं कशाला बोलू, अंगात वीजही संचारली. इतकी वर्षं वाचलेलं सगळं आता करून बघायचं होतं! ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं, ओढणी कमरेला बांधली.

तवंग कागदाने टिपून घेतला. नळीने तळाचं पुरण ओढून काढलं. पाणी बदलायचं तर नळाचं कावेरीचं पाणी तसंच घालता येत नाही, त्यातलं क्लोरीन आधी उडून जावं लागतं. म्हणून पाहुण्यांसाठी आणलेली पातेली, बादल्या, भाज्यांचे टोप, सगळं पाण्याने भरून गॅलरीत उघडं मांडलं. अक्कांनी उत्साहाने आपलं तांब्याचं घंगाळही आणलं. "तांब्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं."

"माणसाच्या, अक्का! माशांना तांबं विष आहे."

"अय्यो," म्हणत त्यांनी घंगाळ असं पाठीमागे लपवलं, जणू मासे बघतील.

"आणि आज त्यांना खायला काही नाही," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. मग मला सुचलं. "आज त्यांची एकादशी समजा." एकादशी म्हटल्यावर त्यांनी लगेच डबी कपाटात टाकली आणि वर नवऱ्यालाही दम दिला.

दुपारी टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदललं. रंग उतरला. मी नाचले. संध्याकाळी पुन्हा थेंब टाकले, पुन्हा हिरवं. एंजल तिरके पोहायला लागले होते. त्यातच फोन. मामेसासऱ्यांना व्हिडिओवर आपली जोडी बघायची होती! मी एंजल सरळ होईपर्यंत फोन छताकडे धरून पंख्याची चौकशी करत राहिले.

"थोडे दुकानात देऊन टाकू?" मी अक्कांना विचारलं.

"आहेर दुकानात घालतात?"

मग मी शेवटचा उपाय सांगितला. "अक्का, दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागतं का? या पाण्याला विरजण पाहिजे. कुणाच्या तरी जुन्या टाकीच्या फिल्टरमधला मळका स्पंज. त्यात ते जिवाणू असतात."

हे मात्र त्यांना एका क्षणात कळलं. "खालच्या टीचरकडे जुनी टाकी आहे," त्या म्हणाल्या. खालच्या मजल्यावरच्या त्या निवृत्त शिक्षिका फक्त कन्नड बोलायच्या, आणि माझं कन्नड रिक्षात बसलं की संपतं. जायचं तर अक्कांनाच. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. तिन्हीसांजा झाल्या होत्या. दिवेलागण झाली की विरजण मागत नाहीत आणि देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते म्हणून. साताऱ्याला माझ्या आईकडेही हेच. अट त्यांची होती, घर नवं होतं, त्यांना कसं सांगू?

त्या देवापाशी बसल्या होत्या. समईत वात घातलेली, हातात काडेपेटी. टाकीतली गोल्डफिशची जोडी काचेपाशी तोंडं उघडत होती. अक्कांनी एकदा तिकडे पाहिलं, आणि काडेपेटी खाली ठेवली.

"दिवा लावल्यावर मागू नये, सरी. अजून लावलाय कुठे?"

आणि गेल्या की हो! काळोखात, बिनदिव्याचा देव मागे ठेवून. मी लिफ्टपाशी येरझारा घालत राहिले. परत आल्या तेव्हा हातात स्टीलचा डबा होता आणि डब्यात तपकिरी, बुळबुळीत, घाणेरडा स्पंज. इतकी सुंदर घाण मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तो आमच्या फिल्टरमध्ये घातला, मोटर सुरू केली, आणि मग अक्कांनी दिवा लावला.

पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. पाणी काढा, गॅलरीतलं पाणी घाला, थेंब टाका. माशांची एकादशीही चालूच. हिरव्याचं पोपटी झालं. पांढुरकेपणा निवळला, एंजल सरळ झाले. तरी गर्दी होतीच, स्पंज एकटा कुणाकुणाला पुरणार? तो प्रश्न डब्याने सोडवला. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमचा नियम. अक्कांनी तो विसळला, त्यात पाणी भरलं आणि मोलीच्या दोन्ही जोड्या घातल्या. "दुकानात नाही देत. शेजारी देतो." टीचरनी तो डबा लिंबाच्या लोणच्याने भरून पाठवला, मग आमच्याकडून गप्पी गेल्या. दोन मजल्यांच्या मधे डबा असा फिरत राहिला आणि आमच्या टाकीत जागा होत गेली.

एके सकाळी थेंब टाकले आणि नळीतलं पाणी पिवळं राहिलं. हललं नाही, पिवळंच! मी ओरडत अक्कांकडे धावले, त्या फुलं निवडत होत्या, तशीच परत टाकीकडे पळाले. आणि थांबले. जोडीने आलेल्यांतला एक कमी असला तर मोजावं लागत नाही. केशरी गोल्डफिश एकटाच फिरत होता.

मी वळले. अक्कांनी मान वर केली नाही. "सगळे आहेत," त्या म्हणाल्या. "पहाटे बघितले मी."

मी गॅलरीत गेले. कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरून पुन्हा दाबलेली होती. वर चिमूटभर हळद आणि कुंकू.

मी ती माती बोटाने आणखी थोडी दाबली. आणि आत आले. "हो अक्का, सगळे आहेत."

त्यांनी फुलं बाजूला ठेवली. "मग आज तरी पाहुण्यांना जेवायला घालू?"

मी कपाटातली डबी काढून त्यांच्या हातात दिली. "स्वल्प," मी म्हटलं.

"स्वल्पच गो," म्हणत त्या टाकीपाशी गेल्या, आणि तो एकटा गोल्डफिश सगळ्यांच्या पुढे पळत आला.