नऊ नावांचं पत्र

माथेरानच्या एका हॉटेलात ती अठरा वर्षं चादरी धूत होती. भिसेगावातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली, की बोलता बोलता विस्कटलेले कागद कडेला कड लावून ठेवायची.

लॉकडाउनमध्ये काम गेलेल्यांना मदत जाहीर झाली. अर्जाला मालकाचं पत्र हवं होतं. मी फोन लावला, तर मालक म्हणाला, "अशी कुणी आमच्याकडे नव्हतीच." माझं डोकं तडकलं. ती डोंगर चढून हॉटेलवर गेली. संध्याकाळी पत्र घेऊन परतली. त्यावर तिच्यासह तिथे काम केलेल्या नऊ बायकांची नावं होती.

"माझ्या एकटीचं देत होता, ताई. मी बोलली, नऊजणींचं दे, नायतर हलत नाय."

अर्ज भरायला घेतले, तर मुदत आदल्याच दिवशी संपलेली. खोटं बोललेल्या मालकाला कुणी काही विचारलंही नाही, याची चीड मला अजून येते.