दसरूने शिकवलेला माझा पाठ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. घरी नाही, आणि सत्काराच्या भाषणात तर नाहीच — तिथे खोट्याची सोय जास्त असते.

तुम्ही मला ओळखत असाल ते रानातल्या पोरांचे गुरुजी म्हणून. पुढे कितीतरी नव्या मास्तरांना मी सांगत आलो — आधी मुलांच्या बोलीत सांगा, मग मराठीत. पण हे मला सुचलं कधी? खरं सांगू? सुचलंच नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या बांधावर वाढलेला, मास्तरकीचं ट्रेनिंग घेत होतो. परीक्षेच्या पाठासाठी आम्हाला एटापल्लीकडच्या एका शाळेत नेलं. मुलं सगळी गोंडी बोलणारी. आणि नियम एकच — वर्गात मराठीशिवाय शब्द काढायचा नाही. सरावाच्या वेळी मी वजाबाकी शिकवत होतो आणि मुलं नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. नापास झालो असतो तर बापाने सरळ नांगरामागे उभं केलं असतं.

आमच्यातच दसरू होता, त्याच भागातला, गोंड. म्हणाला, "पोरायले वजाबाकी येते, भाऊ. तुमची बोली तेवढी नाई येत." त्याच दुपारी त्याने मुलांना झाडाखाली बसवलं. टोपलीतली मोहफुलं काढत-घालत माझा अख्खा पाठ गोंडीत शिकवला, मग उत्तरं मराठीत घोकून घेतली. संध्याकाळ झाली. त्याच्या स्वतःच्या पाठाची तयारी राहून गेली. मी? मी शेजारी बसून मोहफुलं खात होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मुलं फडाफडा बोलली. परीक्षक खूश झाले.

मग दसरूचा पाठ. एक मुलगी अडली, तसा तो तिच्याशी गोंडीत दोन वाक्यं बोलला. परीक्षकांनी तिथेच पाठ थांबवला आणि, माझ्या वर्गात मुलं मराठीत बोलली होती म्हणून, सगळ्यांसमोर मला विचारलं, या मुलांना मराठीतून समजत नाही काय?

दसरू माझ्याकडे बघत होता.

"समजते, साहेब," मी म्हणालो. "सारंच समजते."

तो नापास झाला. पुढे आलापल्लीला लाकूडतोडीवर गेला, असं ऐकलं. निघताना मला एवढंच म्हणाला, "पोरायशी बोलत जा, भाऊ." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भीती वाटली म्हणून मी खोटं बोललो का? हो. पण तेवढंच नव्हतं — आतून बरंही वाटलं होतं. एका गोंडाने मला शिकवलं, हे आता कुणाला कळणार नव्हतं. ही लाज मी सगळ्यात खोल पुरून ठेवली.

त्याची रीत मी जन्मभर माझी म्हणून शिकवली. परवा एका नव्या बाईंनी विचारलं, "गुरुजी, हे तुमाले कसं सुचलं?"

मी म्हणालो, "अनुभवानं."