सत्तरीचं दार

नातीला शाळेसाठी बीजिंगच्या स्वर्गमंदिराची प्रतिकृती करायची होती, आणि दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर रिकामा माणूस मी एकटाच. मार्चमध्ये दोन महिन्यांसाठी म्हणून आलो होतो. सप्टेंबर उजाडला तरी बाहेर भट्टी, आणि आत मी. पुण्याच्या घराची किल्ली मी इथेही खिशात घेऊन फिरतो. कधी जायचं विचारलं की मुलगा म्हणतो, "इन्शाल्ला, ऑक्टोबरमध्ये बघू." स्पष्टच सांगतो, मला कोंडून घातल्यासारखं होतं.

नात वाचून दाखवायची, मी पुठ्ठा कापायचो. जमीन चौकोनी म्हणून अंगण चौकोनी, आभाळ गोल म्हणून देऊळ गोल, छपरं आभाळासारखी निळी. तिथे सम्राट चांगल्या पिकासाठी प्रार्थना करायचा. मधले चार मोठे खांब म्हणजे चार ऋतू.

"दुबईत एकच खांब पुरे," मी म्हणालो.

"आजोबा, बी सिरियस."

मग ते दार आलं. एक सम्राट सत्तरीला पोचला, चालून दमायला लागला, म्हणून त्याच्यासाठी जवळच्या वाटेवर भिंतीत दार पाडलं. पुढच्या पिढ्या आळसावतील या भीतीने त्याने हुकूम काढला की सत्तरी गाठलेल्यानेच इथून जायचं. त्याच्यामागून गादीवर आलेल्या एकालाही सत्तरी गाठता आली नाही.

"यू आर सेव्हंटी-थ्री!" नात ओरडली. "यू कॅन यूज इट!"

मला वेड्यासारखा आनंद झाला. ते दार मी नुसतं रंगवलं नाही, उघडमीट होईल असं कापलं. कागदाचा एक म्हातारा करून त्यात उभा केला, तोंड बाहेर. आज संध्याकाळी तिकिटाचं विचारायचंच, असंही ठरवून टाकलं.

संध्याकाळी मुलगा पेढे घेऊनच आला. "बाबा, सरप्राइज! ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट मिळाला. वर्षाचं काँट्रॅक्ट साइन करून टाकलं. लिफ्ट नको, जिना नको, तुमच्या गुडघ्यांची कटकट खलास. बागेत उघडणारं दार आहे, खास तुमच्यासाठी घेतलं. आता पुण्याचं नाव काढायचं नाही."

त्याचा चेहरा इतका फुलला होता की तिकिटाचा शब्द मी पेढ्याबरोबर गिळला.

"छान केलंस," मी म्हणालो.

नात टेबलाशी वाकून प्रतिकृती न्याहाळत होती.

"आजोबा, ही इज फेसिंग द राँग वे. दॅट डोअर इज फॉर गोइंग इन."

तिने म्हाताऱ्याला अलगद उचललं, आणि तोंड आत करून चिकटवून टाकलं.