हिरवा कफ्तान आणि बतूलचं तोंड

फेस शहरात नवरी सजवायची म्हटली की लाल्ला बतूललाच, म्हणजे बतूलबाईंनाच, बोलावणं. कुणाच्या कफ्तानावर, त्या पायघोळ झग्यावर, कुणाच्या हातची जर आहे, हे ती लांबून सांगायची. आणि न विचारता सांगायची, तीच तर खोड!

त्या दिवशी लग्न ठरलेल्या भाचीला, विदादला, घेऊन ती सकाळपासून बाजार पालथा घालत होती. सपाता झाल्या, मेंदी झाली, अत्तरवाल्याशी भांडूनही झालं. दुपारच्या नमाजानंतर दोघी जुन्या कफ्तानांच्या लिलावात येऊन बसल्या. दलाल एकेक कफ्तान खांद्यावर टाकून बायकांमधून बोली पुकारत फिरतो, विकणारी तोंड झाकून भिंतीशी उभी असते. माल कुणाचा, हे दलाल सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. अडचण काय, आज तिला तर उद्या आपल्याला.

सी अल्लाल दलालानं हिरव्या मखमलीचा कफ्तान आणला. बोली भराभर चढू लागली.

"अगबाई!" बतूल ओरडलीच. "हा तर झोरचा! मीच घातला होता तिला लग्नात!"

बोली थांबली. भिंतीशी उभ्या बाईनं तोंडावरचं फडकं आणखी वर ओढलं. हातावरचा भाजल्याचा डाग बतूलनं ओळखला. शेजारची झोर! तिचा नवरा हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलाय, सगळ्या गल्लीला ठाऊक. बतूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छे छे, चुकलेच मी!" ती घाईघाईनं म्हणाली. "झोरचा कुठला? तिच्या कफ्तानावरचं काम केवढं भारी होतं! ही जर हलकी, दिसतंय ना!"

"लाल्ला म्हणतायत म्हणजे हलकीच असणार," पुढच्या बाईनं हात आखडता घेतला. तिचं बघून बाकीच्यांनीही घेतला. दलाल किंमत उतरवत फिरला, पण कुणी ढुंकून बघेना.

"लाल्ला, कुणाच्या तरी पोटावर पाय दिलात हो," तो जवळून जाताना पुटपुटला.

बतूलला जीभ हासडून टाकावीशी वाटली. खरं सांगावं तर झोर पुन्हा उघडी पडणार. स्वतः बोली लावावी तर आत्ता हलका म्हटलेला माल ही का घेतेय, हे सगळ्या जणी ओळखणार.

झोरनं कफ्तान परत घेऊन गाठोड्यात बांधला. जाताना बतूलपाशी ती जरा थांबली.

"नजर अजून तेज आहे हो तुमची," ती हळूच म्हणाली. "आता उद्या त्यांचं औषध कुठून आणू, तेवढं पण सांगा."

आणि निघून गेली.

"मावशी, कोण गं ती?" विदादनं विचारलं.

बतूलचे कान लाजेनं तापले होते. तिनं बाहेरच्या झग्याला जोडलेली टोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली.

"मला काय माहीत," ती म्हणाली.