दरसालचा गुन्हेगार

लोणावळ्याच्या कचेरीत मी तेव्हा दुभाषी होतो. नव्या गोऱ्या साहेबाला मराठी येत नसे आणि मला त्याचं सगळं इंग्रजी समजतं, असा माझा तोरा होता.

चैत्र लागला की जंगलाचे खटले येत. मावळात भाताचं रोप टाकायचं तर आधी वाफ्यावर पानं-फांद्या पसरून राब भाजावा लागतो. फांद्या राखीव जंगलातल्या, म्हणून तोडणं गुन्हा. कुरवंड्याचा एक म्हातारा शेतकरी दरवर्षी पकडला जाई, आल्या आल्या गुन्हा कबूल करी आणि दंड भरून घरी जाई. त्याच्या लेखी ती राबाची पट्टीच होती.

त्या साली नव्या साहेबाने त्याला विचारलं, याआधी कधी असं केलं होतंस? मी ते मराठीत विचारलं. नाही म्हण रे आबा, असं मनात आलं, पण दुभाष्याला पदरचं बोलता येत नाही.

"व्हय की," म्हातारा मोकळेपणाने म्हणाला. "दरसाल करतो. माजा बा बी करायचा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो. साहेब "जेलबर्ड!" म्हणाला आणि त्याने तीन महिन्यांची कैद सुनावली.

"काय म्हनला सायेब?"

पुन्हा पुन्हा गुन्हे करून तुरुंगाच्या वाऱ्या करणाऱ्याला ते तुरुंगातला पक्षी म्हणतात, असं मी सांगितलं. आपल्याकडे अशाला सराईत म्हणतात.

"पर म्या तर तुरुंग बगितला बी न्हाई, भाऊसायेब. सांगा की त्यास्नी."

मी सांगितलं. साहेबाने तोवर पुढचा खटला पुकारायला लावला होता.

"वैशाख, जेठ, आखाड," म्हातारा बोटांवर मोजत होता. "मंजी पेरा बी गेला आन लावनी बी. घरी येवडं कळवा."

रविवारी मी कुरवंड्याला गेलो. त्याची बायको डोक्यावर हिरव्या फांद्यांचा भारा घेऊन वाटेतच भेटली. काय घडलं ते मी सगळं सांगितलं, त्याने कबूल केलं तेही. ती भाऱ्यासकट ऐकत उभी राहिली.

"राब तर भाजायलाच पायजे," ती म्हणाली. "उद्या मला धरून इचारलं, तर खरं सांगू का न्हाई?"

"मावशी, आधी भारा उतरवा," मी म्हणालो आणि हात दिला.