एक फेरी आधीची बातमी

आणीबाणीच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं मी साताऱ्यात मोटारसायकलच्या शर्यती भरवणाऱ्या एका क्लबाचा प्रसिद्धीप्रमुख होतो. पदाच्या नावावर जाऊ नका. हँडबिलं छापून आणायची, जीपवर कर्णा बांधून गावोगाव ओरडत फिरायचं आणि शर्यतीची बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रांना पोचवायची, एवढंच ते काम. पोटापाण्याला एका स्पेअर पार्टच्या दुकानात नोकरी होती.

बातमी पोचवण्याची आमची एक रीत होती. शेवटची शर्यत साडेचारला संपायची आणि पुण्याची एसटी पाचला सुटायची. फोन लागेल याचा भरवसा नसे. म्हणून मजकूर सकाळीच लिहून ठेवायचा, विजेत्याच्या नावापुरती जागा कोरी सोडायची आणि निकाल लागला की नाव भरून पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचं.

एके वर्षी वाईहून एक मुलगी काम शिकायला आली. नुकतीच बीए झालेली, वडील नदीच्या घाटावर पौरोहित्य करणारे. तिला वर्तमानपत्रात जायचं होतं. पुण्यातले एक संपादक आमच्या अध्यक्षांच्या ओळखीचे. यंदाच्या शर्यती नीट पार पडल्या की त्यांच्या नावे चिठ्ठी देतो, असा शब्द देऊन अध्यक्षांनी तिला माझ्या गळ्यात मारलं. मी आधी वैतागलो. मला शिकवायला कुठं येत होतं?

पण ती ऑइलच्या डब्यावर बसून, पलटणीतून सुटून शर्यतीत उतरलेल्या मिशाळ गड्यांना असे प्रश्न विचारायची, की मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. पहिल्यांदा पडलात तेव्हा घरी काय सांगितलंत? गडी लाजायचे आणि मग तासभर बोलायचे. मी तिच्या मजकुरातली वाक्यं खोडायचो, ती भांडून त्यातली दोन परत घालायची. तिला शिकवता शिकवता माझंच काम मला आवडायला लागलं. शनिवारी तिची वाईची गाडी उशिरा आली, की मी दुकानात गिऱ्हाइकावर खेकसायचो.

शर्यतीच्या दिवशी सगळंच लांबलं. पावणेपाच झाले तरी शेवटची शर्यत चालूच होती. सांगलीचा स्वार अर्ध्या फेरीनं पुढं होता, मागं वडूजचा एक माजी शिपाई. सकाळी तिनंच लिहिलेला कागद मी तिच्या हातातून ओढला आणि कोऱ्या जागेत सांगलीकराचं नाव भरलं.

"सर, अजून एक फेरी आहे," ती म्हणाली.

"एसटी आपल्यासाठी थांबणार आहे का?" मी म्हणालो आणि स्कूटरला किक मारली.

शेवटच्या वळणावर सांगलीकराची चेन तुटली. वडूजकर जिंकला. मला ते स्टँडवरून परत आल्यावर कळलं, तोवर पाकीट घाट चढत होतं.

तिसऱ्या दिवशी वडूजकर पेपर घेऊन क्लबात आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आवं, आईनं मास्तरांकडनं दोनदा वाचून घेतलं," एवढंच म्हणाला. "म्हणली, तुजं नाव न्हाई रं यात."

अध्यक्ष तापले. "कागद कुणी लिहिला होता?"

"लिहिला तिनं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. अक्षर तिचंच होतं, एक नाव सोडलं तर. ती समोरच उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. चिठ्ठी मिळाली नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

नंतर कितीतरी जणांना मी हे काम शिकवलं. चांगली पोरं होती, सांगितलं तसं करायची. पण मी खोडलेलं वाक्य भांडून परत घालणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. तिची फार आठवण यायची, अजून येते. तेव्हा वर्षभर मी वाईच्या गाडीची वेळ झाली की दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहायचो.

शेवटी एकदा धीर करून वाईला गेलो. तिच्या वडिलांनी ओळख सांगताच मला आत बसवलं. ती बार्शीकडे एका शाळेत शिकवत होती.

"बातम्यांचं काम मला जमण्यातलं नाही म्हणाली," ते म्हणाले. "तिच्या चुकीपायी तुम्हाला बोलणी खावी लागली, त्याचं तिला फार वाईट वाटतं."

खरं सांगायलाच मी गेलो होतो. त्यांनी चहा पुढे केला. तो मी प्यालो आणि नमस्कार करून निघालो.